डबा फेकून दिल्यावर काय उरतं? मकरपुऱ्यातल्या खेळणीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मकरपुरा जीआयडीसी आणि आसपासच्या वसाहतींत बांधणीची (तुकडे जोडून रचायची) खेळणी बनवणारे, बनवायच्या बेतात असलेले कारखानदार, डायमेकर आणि डिझाइन करणारी तरुण मंडळी,
बडोदे.

स. न. वि. वि.

मकरपुऱ्यात मला ओळखणारे अजून बरेच आहेत. छत्तीस वर्षं डाया, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे, बनवल्या. बाटल्यांची बुचं, मिक्सरचे नॉब, स्विचच्या पट्ट्या, एका पार्टीसाठी तर सलग तीन वर्षं नुसत्या बादलीच्या कड्या. खेळण्यांच्या डाया त्यात मोजून अकरा. त्या अकरांतल्या एकीबद्दल मला आजही अवघडल्यासारखं होतं. ते पुढे सांगतोच.

पत्राला कारण झाली यंदाची दिवाळी. दांडिया बाजारात आमच्या लहानपणी वाड्यावाड्यात किल्ला व्हायचा. आता अंगण उरलं नाही, म्हणून आमचा किल्ला गच्चीच्या जिन्याखाली होतो. विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव. नात सात वर्षांची. यंदा तिला महादरवाजा चिखलाचा नको होता, तर तिच्या मॅग्नेटच्या टाइल्सचा हवा होता. निळ्या-लाल पारदर्शक चौकोनी टाइल्स, कडेला कड लावली की टक्‌कन चिकटतात. दरवाजा झकास झाला. त्यावर दोन मावळे पहाऱ्याला बसवले.

भाऊबीजेच्या सकाळी त्यातली एक टाइल जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली फरशीवर पडली आणि शिवण उसवावी तशी उघडली. आत चार बाजूंना चार चुंबक होते, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. तीन सापडले. चौथा नाही. आणि अकरा महिन्यांचा नातू तिथंच रांगत होता, गालाला चिखल, तोंड चालू.

तोंड कशानं चालू होतं ते कुणालाच सांगता येईना. सूनबाईनं बघितलं तर तोंडात अळिवाचं रोप. आधी काय गेलं असेल ते देव जाणे. आम्ही तास-दीड तास घर शोधलं, मग एक्स-रे काढून आणला. पोटात काही नव्हतं. ओवाळणी दुपारी चारला झाली. रात्री बायको कोथिंबीर चिरायला विळी घेऊन बसली, पातं उघडलं, तर पात्याच्या बुडाशी काळा ठिपका. चौथा चुंबक. सकाळी केरात लोटला गेला असणार, तिथून विळीनं उचलला. नातीनं तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा किती छोटा आहे, आणि आपण किती रडलो."

एकच चुंबक पोटात गेला तर तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. खरी भीती दोन गिळले गेले तर, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा. आतड्याची वेटोळी एकमेकांशेजारी असतात. एका वेटोळ्यातला चुंबक शेजारच्यातल्याला ओढतो, मधल्या भिंती चिमट्यात सापडतात, तिथलं रक्त थांबतं आणि भोक पडतं. बाहेरून दिसतं काय, तर उलटी आणि पोटदुखी. दिवाळीत कोणत्या घरात मुलाचं पोट दुखत नाही? फराळावर ढकलून लोक दोन दिवस काढतील.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन ती फुटकी टाइल पाहिली. दोन कवचं अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडलेली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, एका कवचाच्या कडेला बारीक त्रिकोणी धार ठेवतात, ती कंपनानं वितळते आणि जोड पक्का होतो. या टाइलच्या एका अख्ख्या बाजूला ती धार जशीच्या तशी उभी होती. वितळलीच नव्हती. म्हणजे ती बाजू पहिल्या दिवसापासून नुसती टेकलेली होती. चुंबकाच्या खोबणीलाही स्वतःचं झाकण नव्हतं. कवच उघडलं की चुंबक मोकळा. प्लास्टिक बहुतेक क्रिस्टल पॉलिस्टायरीन, कारण कोपऱ्याची कपची काचेसारखी निघाली होती. माझ्या अंगठ्यात गेली.

मुलगा म्हणाला, बाबा, आयएसआय छाप होता का बघा. बघणार कुठे? डबा दोन वर्षांपूर्वीच रद्दीत गेला होता.

मंडळी, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. तुम्ही सुरक्षिततेसाठी जे जे म्हणून छापता, ते डब्यावर छापता. वय डब्यावर, इशारा डब्यावर, छाप डब्यावर. आणि आपल्या घरांत डबा आठ दिवस टिकत नाही. मग ते खेळणं एका पिशवीत जातं, पिशवीत आधीच्या तीन सेटांचे तुकडे असतात, मावसबहिणीकडून आलेले असतात, आणि ती पिशवी जमिनीवर ओतली जाते. त्या जमिनीवर सात वर्षांची मुलगीही असते आणि अकरा महिन्यांचं बाळही. डब्यावर '३+' लिहिलं की तुम्ही सुटलात, पण रांगणारं बाळ वाचत नाही हो.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय छाप सक्तीचा झाला, ते चांगलंच झालं. त्याच्या आदल्या वर्षी आयात खेळण्यांवरचा कर २० वरून ६० टक्के केला, म्हणूनच तर तुमच्यातले कितीतरी जण बुचं सोडून खेळण्यांत आले. भारतीय मानक ९८७३ चा पहिला भाग तुम्ही वाचला असेल; नसेल तर आधी ते करा, डाई नंतर. त्यात बारीक तुकड्यांसाठी एक नळकांडं दिलंय. तोंड ३१.७ मिलीमीटर, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४ आणि समोरच्या बाजूला ५७.१. लहान मुलाच्या घशाच्या अंदाजानं ठरवलेलं माप. खेळण्याचा तुकडा न दाबता, हवा तसा फिरवून, त्यात पुरता मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी चालत नाही. आणि ही परीक्षा खेळणं नवं असताना एकदा आणि ते आपटून, पिळून, ओढून झाल्यावर पुन्हा एकदा. तीन वर्षांपुढच्या खेळण्यात मात्र बारीक तुकडे चालतात, इशारा छापला की झालं. इथेच ती फट आहे. फट कायद्यात नाही म्हणत मी. कायदा आणि आमची जमीन यांच्यामध्ये आहे.

एका जुन्या दोस्ताच्या लेथवर मी ॲल्युमिनियमचं तसलं नळकांडं करून घेतलं. (फोटोच्या रोलची जुनी काळी डबी कुणाकडे असेल तर तीही साधारण त्याच अंगाची असते; नेमकी नाही, पण डोळ्याला अंदाज येतो.) मग चार दिवस मला दुसरा उद्योग नव्हता. घरातलं, शेजारचं, समोरच्या बालवाडीतलं जे हाताला लागेल ते आत टाकून पाहिलं. ही म्हणाली, बाळापेक्षा तुम्हीच जास्त तोंडात घालताय.

पण काय काय दिसलं ते ऐका. किल्ल्यावरचा प्लास्टरचा मावळा नळकांड्यातून डोकं बाहेर काढून उभा राहिला, म्हणजे पास. तोच मावळा कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडला, मुंडकं तुटलं, आणि मुंडकं सरळ तळाला. पडल्यानंतरची परीक्षा का असते ते मला वाचून कळलं नव्हतं, मुंडक्यानं कळवलं.

बालवाडीतला माँटेसरीचा गुलाबी मनोरा घ्या. दहा ठोकळे, सगळ्यांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सगळ्यांत छोटा एक सेंटिमीटरचा. छोटा तर पडणारच होता. पण दोन सेंटिमीटरचाही पडला: त्याच्या बाजूचा कर्ण २८.३ मिलीमीटर, तोंड ३१.७, खोली पुरेशी. तीनचा मात्र अडला. उलट फ्रोबेलचे लाकडी ठोकळे, ज्यांच्यावरून जगभरची बालवाडी सुरू झाली, ते एक इंचाचे. एक इंच म्हणजे २५.४, हातात धरला तर वाटतं हा जाणार. पण त्याचा कर्ण ३५.९. अडतो! दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाकडे हे नळकांडं नव्हतं, तरी ठोकळा अडतो. दोन सेंटिमीटरचा घन आणि इंचाचा घन यांत फरक केवढा, अर्ध्या सेंटिमीटरचा. डाईत तो फरक तुम्हाला किती पैशाला पडतो? हिशोब करून बघा.

लेगोचं तर सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात डायमेकरनं बघण्यासारखं वेगळंच आहे. डेन्मार्कच्या बिलुंडमधल्या सुताराची ही कंपनी. वर गुट्या आणि आत नळ्या असलेल्या विटेचा पेटंट अर्ज त्यांनी २८ जानेवारी १९५८ ला केला. दोन बाय चारची साधी वीट नळकांड्यात सहज मावते. मग १९६९ मध्ये त्यांनी डुप्लो काढलं. केलं काय, तर प्रत्येक माप दुप्पट. दोन बाय दोनची डुप्लो वीट नळकांड्यात जात नाही, कशीही फिरवा. आणि खरी हुशारी पुढे आहे: दुप्पट केल्यामुळे थोरल्याची वीट धाकट्याच्या विटांवर बसते. म्हणजे घरात दोन मुलं आहेत हे धरून माप ठरवलं. सात वर्षांची बारीक विटांचा वाडा बांधेल, धाकटा खाली मोठ्या विटांची जोती रचेल, आणि दोघांचं बांधकाम एकच. आपण त्यांची नक्कल करतो ती विटेच्या रंगाची. ही गोष्ट कुणी उचललेली मी तरी पाहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका, सगळंच मोठं करायचं काय? नाही. सात वर्षांच्या मुलीला बारीक तुकडे लागतात. तिला खिडकीची जाळी हवी, कंदील हवा, तोफेचं चाक हवं. बारीक काम हातानं करायला मिळालं नाही तर ती बोटं पुढे डाईही घासणार नाहीत आणि टाकेही घालणार नाहीत. माझ्या लहानपणी घरात मेकॅनो होता, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ साली ज्याचं पेटंट घेतलं तो. अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि इवलेसे पितळी नट-बोल्ट. माझी धाकटी बहीण तेव्हा रांगत होती. आईनं नट-बोल्ट आजीच्या जुन्या पानाच्या डब्यात ठेवले: सुपारीच्या कप्प्यात बोल्ट, काताच्या कप्प्यात नट. रोज संध्याकाळी दिवे लागले की मोजणी. एक कमी असेल तर कुणी जेवायला बसायचं नाही. एकदा एका नटापायी आम्ही साडेनऊला जेवलो. नट माझ्या खिशात होता.

आईनं जे डब्यानं केलं ते तुम्ही डाईत करू शकता. मी चार गोष्टी मागतो आणि चारही मी स्वतः तुमच्या जागी बसून तोलल्या आहेत.

नळकांड्यात पडणारा सेटमधला प्रत्येक तुकडा एकाच रंगात काढा, आणि त्या रंगाचा दुसरा एकही तुकडा सेटमध्ये नको. समजा केशरी. घरात सांगायला सोपं: बाळ उठायच्या आत केशरी सगळं उचल. सात वर्षांच्या मुलीलाही हे पटतं, कारण तिला '३+' चा अर्थ कुणी कधी सांगितलेला नसतो, पण रंग तिला कळतो. खर्च? मास्टरबॅच (रंगाचा दाणा) बदलायचा, शॉट वेगळा मारायचा. तुम्ही तसंही रंग वेगळे मारताच.

दुसरं, त्या केशरी तुकड्यांना मिसळणाच्या डब्यासारखा खणांचा ट्रे द्या. प्रत्येक तुकड्याला त्याच्या आकाराची जागा. रिकामी जागा दिसली की मोजायची गरज नाही. पिशवीत भरलेले दोनशे तुकडे जगातली कुठलीही आई मोजत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मनात सगळ्यांत जास्त बसली आहे. तुम्ही खेळणं प्लास्टिकच्या बरणीत किंवा पेटीत देता. त्या पेटीच्या झाकणात हे नळकांडंच मोल्ड करा. कोपऱ्यात एक पेला, तिरक्या तळाचा, झाकणाला एकसंध. घरातल्या कुणालाही कधीही, कुठलंही खेळणं, फक्त तुमचंच नव्हे, त्यात टाकून बघता येईल. मुलांना तर तो खेळच होईल. तुम्ही लगेच ड्राफ्टचं, म्हणजे वस्तू साच्यातून सुटावी म्हणून भिंतीला द्यायच्या उताराचं, विचाराल. तळाशी ३१.७ ठेवा आणि तोंड किंचित मोठं होऊ द्या. चूक झालीच तर चांगला तुकडा नापास होईल, वाईट तुकडा पास होणार नाही. तळाला एक भोक ठेवा म्हणजे पेला तोंडावर दाबून बसणार नाही. हे काही प्रयोगशाळेचं माप होणार नाही, छाप त्यावरून मिळणार नाही. घरगुती चाळणी आहे, चाळणीचं काम करेल.

चौथं, वयाची खूण तुकड्यावर कोरा. तो गोल, आत लहान मुलाचा चेहरा, ०-३ आणि तिरकी रेघ. बारीक तुकड्यावर मावणार नाही हे मान्य, मोठ्या पाट्यांवर तरी कोरा. स्पार्क मशीनवर एकदाच खर्च आहे. पाटी मावसबहिणीकडे गेली तरी खूण तिच्यासोबत जाईल.

ज्या डाईबद्दल अवघडतो म्हटलं ती आता सांगतो. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. गिअर आणि पाट्यांचा एक सेट होता. पाटीला मी दहा मिलीमीटरची भोकं दिली, भिंत दीड मिलीमीटर, माल वाचवायला. सँपल घरी गेले आणि पार्टीच्या चार वर्षांच्या पुतण्याचं बोट भोकात अडकलं. आत जाताना गेलं, सूज आली, बाहेर येईना. शेवटी तेल लावून, आणि पाटी हॅकसॉनं कापून काढलं. बोट वाचलं. मी भोक तसंच ठेवून कड थोडी गोल केली आणि डाई दिली, कारण पार्टीला घाई होती आणि मला पैसे हवे होते. पुष्कळ नंतर मानकात वाचलं: पाच वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात, १.५८ मिलीमीटरहून पातळ कडक भिंतीला गोल भोक असेल आणि त्यात सहा मिलीमीटरची सळी दहा मिलीमीटर आत जात असेल, तर बारा मिलीमीटरचीही गेली पाहिजे. म्हणजे सहा आणि बाराच्या मधलं भोक पातळ पत्र्यात ठेवायचंच नाही. मी बरोबर त्या मधलंच ठेवलं होतं. तेव्हा झाकणातल्या त्या पेल्याचं भोकही सहाच्या आतच ठेवा.

विटांच्या पकडीबद्दल थोडं. आपल्याकडे पकड सैल असली की गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून सगळे ती घट्ट करतात. गुटी आणि नळी यांच्यातला खेळ शंभराव्या भागात मोजायचा असतो. आपण डाई झिजेल या हिशेबानं सुरुवातीलाच जास्त घट्ट ठेवतो. मग मूल काय करतं? दोन विटा सुटत नाहीत म्हणून दातांनी काढतं. घरोघरच्या विटांवर दातांचे ठसे बघा. दातात वीट धरून जोर लावला आणि ती सुटली की जाते कुठे? म्हणून घट्ट पकड हाही सुरक्षिततेचाच दोष आहे. नातीच्या बोटांनी सुटते का, हे नातीलाच विचारून गुटी घासा. आणि विटा सोडवायची एक चपटी पाचर सेटमध्ये टाका, दोन रुपयांची.

चुंबक वापरणार असाल तर चुंबकाची ताकद मोजणारा गॉसमीटर घ्या. मानकाची मर्यादा सोपी आहे: चुंबकाच्या तोंडावरची ताकद किलोगॉसमध्ये, तिचा वर्ग, गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ चौरस मिलीमीटरमध्ये. गिळता येईल एवढा चुंबक सुटा निघत असेल तर हा आकडा ५० च्या आत हवा. पाच मिलीमीटर व्यासाचा निओडिमियमचा गोळा घ्या, चपटी गोळी म्हणतो मी, तोंडावर तीन किलोगॉस. तीनाचा वर्ग नऊ, क्षेत्रफळ १९.६, आकडा १७७ च्या आसपास. साडेतीन पट! म्हणजे तो कधीच सुटा निघता कामा नये, जिन्यावरून पडला तरी. एकट्या वेल्डिंगवर विसंबू नका. खोबणीला आतून वेगळं झाकण द्या, कोपऱ्यांना रिव्हेट मारा. कवच फुटलं तरी चुंबक आपल्या खोलीतच राहील. दिवे लागणारे ठोकळे बनवत असाल तर बटण-सेलची गोष्ट याहून वाईट. तो घशात अडकला तर ओलाव्यात करंट वाहतो, अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच, आणि तो स्क्रू झाकणातून सुटून पडणारा नको.

मालाबद्दल तुम्हाला सांगायची मला लाज वाटते, कारण तुम्हाला सगळं ठाऊक आहे. चांगला एबीएस प्लास्टिकचा दाणा आपल्याच नंदेसरीत बनतो, तरी खेळण्यात ग्राइंडिंगचा माल जातो. जुन्या टीव्हीच्या, मॉनिटरच्या कवचांचा काळा चुरा. त्यात आग लागू नये म्हणून घातलेली रसायनं असतात, ती मुलाच्या तोंडात कशाला? शिवाय पुन्हापुन्हा वितळलेला माल ठिसूळ होतो, पडला की धारदार कपच्या. पार्टिंग लाइनला, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाला, फ्लॅश, म्हणजे जादा मालाची पातळ कड, आलेली असते. पोरगं विचारतं, शेठ, कड घासू का? आणि शेठ म्हणतात, "चालशे." या एका शब्दावर आपली अर्धी जीआयडीसी चालते. बुचात चालतं. मीही चालवलं.

संखेड्याच्या खराडी, म्हणजे लेथवर लाकूड घडवणाऱ्या, लोकांचंही सांगायला हवं, कारण तुमच्यातले काही जण तिकडून लाखेच्या रंगाचे लाकडी ठोकळे करून घेऊन विकायचा विचार करताहेत असं ऐकलं. उत्तम विचार आहे. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावली की उष्णतेनं रंग चढतो, तो हातानं पाहिल्याशिवाय कळत नाही. नोंदणी झालेल्या कारागिरांना छापाच्या सक्तीतून सूट आहे. पण छापाची सूट म्हणजे घशाची सूट नव्हे. लाखेत मिसळलेल्या रंगात शिसं आहे का हे तपासून घ्या, आणि घुमटाचे, कळसाचे गोल तुकडे मोठे करा. घशाला गोल तुकडाच जास्त घातक. चौकोनी अडकला तरी कडेनं थोडी हवा जाते, गोल बुचासारखा बसतो. बुचं मी जन्मभर बनवली, बूच कसं बसतं ते मला सांगू नका. लेगोवाल्यांनी त्यांच्या बाहुल्यांच्या डोक्याला हवेसाठी भोक ठेवलंय. आपल्या कळसाला का नसावं?

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढलं, हातानं काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायला. माझे आजोबा तिथे सुतारकाम आणि ड्रॉइंग शिकले. त्यांनी केलेला एक लाकडी घोडा आमच्याकडे अजून आहे. परवा त्यालाही नळकांडं लावून पाहिलं. घोडा पास. चाकाची खुंटी नापास, पण ती इतकी घट्ट बसवली आहे की मला पकडीनं निघाली नाही.

झाकणातल्या पेल्याचं ड्रॉइंग मी काढून ठेवलंय, ड्राफ्टसकट. फुकट आहे, कुणीही न्यावं. रविवार सोडून रोज सकाळी दहा ते बारा मी घरी असतो. दांडिया बाजारात डायवाले काका विचारलंत की कुणीही जिना दाखवेल, किल्ला अजून मोडलेला नाही. येताना तुमच्या सेटमधला सगळ्यांत बारीक तुकडा घेऊन या. डबा आणू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त डायमेकर
दांडिया बाजार, बडोदे